नव्वद किलो कणीक

ब्लॅकटाउनला आमच्या शेजारी एक गोरे आजोबा राहतात, पंच्याहत्तरी उलटलेले. त्यांच्या गॅरेजमधली ड्रॅग रेसिंगची गाडी त्यांनी आणि त्यांच्या भावाने तरुणपणी स्वतः बांधलेली. ही शर्यत म्हणजे हिरवा दिवा लागला की सरळ रेषेत सुसाट सुटायचं. काही सेकंदांत खेळ खलास. मी पुण्यात दहा वर्षं गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम केलेली बाई, इथे गोदामातले सरकते पट्टे सांभाळते. त्या गॅरेजचं दार उघडं दिसलं की माझे पाय घराकडे वळतच नाहीत.

त्यांच्या तरुणपणी मागचा ॲक्सल नुसत्या पाट्यांच्या स्प्रिंगवर असायचा. इंजिनाचा जोर आला की पाटे पिळवटायचे आणि चाकं थडथड उड्या मारायची. मग लोकांनी लोखंडी नळ्या जोडून शिडीसारखे दोन बार केले. मागे ॲक्सलला घट्ट, पुढे चासीला एका बोल्टवर. उड्या थांबल्या, चाक रस्त्याला चिकटलं. पुढे प्रत्येक बाजूला दोन सुट्या दांड्या आणि बसवायला भोकंच भोकं, अशी फोर-लिंक आली. सगळे तिकडे धावले, आजोबा मात्र भावाने वेल्ड केलेली शिडी सोडेनात. मी महिनाभर फोर-लिंकचे गोडवे गायले.

"मेट, जेवढी जास्त भोकं, तेवढ्या चुकायच्या जागा," ते म्हणाले.

पुणेकराला असं कुणी गप्प केलं की खरं तर बरं वाटतं.

गेल्या सीझनला गाडी सुटताक्षणी उजवीकडे ओढायला लागली. अधिकाऱ्यांनी बजावलं, पुढच्या शर्यतीतही असंच झालं तर या गाडीला पुन्हा प्रवेश नाही. आजोबांचा चेहरा पाहवेना. उजव्या चाकावर किती दाब द्यायचा ते शिडीवरचा एक नट ठरवतो, आणि ड्रायव्हरचं वजन सीटवर असतानाच तो फिरवायचा असतो. गाडी चालवतात आजोबाच, पण नटही तेच फिरवायचे, म्हणून तेवढ्यापुरता सीटवर भाऊ बसायचा. दोघं वजनाला सारखे. चार वर्षांपूर्वी भाऊ गेला. तेव्हापासून सगळं अंदाजाने, कारण आजोबा पाना दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत.

"वजन किती तुमचं?" मी विचारलं.

"नव्वद."

मी हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानातून दहा-दहा किलोंच्या कणकेच्या नऊ पिशव्या आणल्या. दुकानदार म्हणाला, "दीदी, घर में शादी है क्या?" प्रत्येक पिशवी घरच्या काट्यावर तपासली, सीटवर रचली, पट्ट्याने बांधली. आजोबांनी गाडीखाली सरपटत जाऊन नट फिरवला.

सरावाच्या दिवशी गाडी पुन्हा उजवीकडेच गेली.

आजोबा उतरले तेव्हा माझं लक्ष त्यांच्या कमरेकडे गेलं. बेल्ट शेवटच्या भोकापर्यंत ओढलेला, टोक हातभर लोंबत होतं. मी कणीक ग्रॅमात मोजली आणि माणूस मोजलाच नाही! स्वतःचाच इतका राग आला.

"शेवटचं वजन कधी केलंत?"

ते हातमोजे काढत राहिले. मग म्हणाले, "भाऊ होता तेव्हा. एकट्यासाठी कोण शिजवणार? टोस्ट असतो. नो वरीज."

आमच्या काट्यावर ते बहात्तर भरले. सात पिशव्या आणि दोन किलोंची तुरीची डाळ, असं सीटवर ठेवून नट पुन्हा लावला. शर्यतीला गाडी सुटली ती थेट सरळ, टोकापर्यंत. मी कुंपणाशी चक्क नाचले.

उरल्या पिशव्या. आमच्याकडे पोळ्या नवरा करतो. तो म्हणाला, "मॅडम, एवढी कणीक आहे, तर आजोबांचा डबा आपल्याकडूनच." रोज संध्याकाळी पोळी-भाजीचा डबा कुंपणावरून जायला लागला. पहिल्या आठवड्यात ते पोळीला जॅम लावायचे. आता आमटी कमी पडली तर सांगतात.

या सीझनला गाडी किंचित डावीकडे जायला लागली. आजोबा लाजत म्हणाले, "मला वाटतं, एक पिशवी वाढवावी लागेल."

मी घरी जाऊन बघितलं, तर कणीक संपलेली. नऊच्या नऊ पिशव्या.

परत येऊन म्हटलं, "कणीक तुमच्या पोटात गेली, आजोबा. आता तुम्हीच बसा सीटवर."

ते क्षणभर शिडीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि गाडीत जाऊन बसले.