खाडीचा गाळ

गावचं घर भावाने इमारतीसाठी पाडलं, तेव्हा आईचा अबोलीचा वाफाही गेला. इमारत होईपर्यंत ती नातेवाइकांकडे फिरत राहिली. कुठेच चार दिवसांवर टिकत नव्हती. माझ्याकडेही म्हणे चारच दिवस. मला ती कायमची हवी होती.

नवीन पनवेलमधल्या आमच्या तळमजल्यावरच्या घरामागे वाफ्यापुरती जागा आहे, पण ती माती कसली, बिल्डरची उरलेली रेतीच. बादलीभर पाणी ओतावं, बघता बघता नाहीसं. शेणखत घातलं, पालापाचोळा घातला. शेजारीण म्हणाली, मुरायला दोन-तीन महिने लागतील. आईचं येणं तर पंधरा दिवसांवर आलेलं. मला धीर कुठला! रिक्षा केली आणि खाडीचा काळाभोर गाळ पाच गोणी भरून आणला. रेतीत कालवला तशी माती हाताला जड लागली. त्याच दिवशी अबोलीची बारा रोपं लावून मोकळी झाले.

मग चैन पडेना. चहा ठेवायचा आणि वाफा बघून यायचं, कुकर लावायचा आणि पुन्हा जायचं. आठवड्यात पानांच्या कडा करपल्या. मी आणखी पाणी घातलं. आई आली तोवर पाच रोपं मेली होती.

पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ती वाफ्यापाशी वाकली. चिमूटभर माती जिभेला लावली आणि थुंकली.

"खारी हाय. मिठागरवाल्याची पोर तू, चाखून नाय बगलीस?"

लहानपणी आम्ही मिठागरातलं पाणी, चिखल, सगळं आधी चाखायचो. कसं विसरले मी? स्वतःचाच इतका राग आला की डोळे भरून आले.

"तुझ्यासाठीच घाई केली," मी म्हणाले. "आता काय करायचं?"

"खारीचा गाल काढून टाकाचा. उरली माती पान्यानं धवाची. पावस परला का मंग रोपं लावाची."

"म्हणजे सहा महिने?"

"मंग? तुझ्या घाईनं मीठ जानार हाय काय?"

सहा महिने कोणी थांबायचं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी आत जाऊन उगाच ओटा पुसत राहिले. मागून फावड्याचा आवाज आला, मग थांबला. आई दारात उभी.

"तुझा जुना गाऊन दे गो," ती म्हणाली. "मी आनलेले सगले पाव्हनीचे कपडे हायत."