भाऊजींच्या बुटक्यांचा हिवाळा

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. माझ्या गावाहून, बीबीहून, ताईच्या मोताळ्याला पोहोचलो तर ताईचं अंगण माणसांनी भरलेलं, आणि कोपऱ्यातल्या खुराड्यात भाऊजींच्या पाच बँटम, म्हणजे ओंजळीएवढ्या बुटक्या कोंबड्या, कलकलत होत्या. त्या दिवशी त्यांना कुणी दाणे टाकले नव्हते. मला रडू फुटलं ते तिथे...

कंडक्टरकीतून निवृत्त झाल्यावर या माणसाने कोंबड्या पाळल्या त्या नुसत्या लाडासाठी. ताईला हे खूळ मुळीच पसंत नव्हतं. पहिल्याच हिवाळ्यात भाऊजींनी मायेपोटी घोळ घातला. खताच्या रिकाम्या पिशव्या शिवून खुराडं चारी बाजूंनी असं बंद केलं की वाऱ्याची झुळूकही आत शिरू नये. सकाळी पाहतात तर आत पत्र्यावरून पाणी ठिबकतंय, खाली अंथरलेलं सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, ओलं, आणि कोंबड्या शिंकताहेत.

"तुमी सोता तोंडावर गोधडी घेऊन झोपता काय?" ताई म्हणाली. "त्यायले श्वास तं घेऊ द्या."

मग भाऊजींनी पत्र्याखालची पट्टी कापून वरून हवा मोकळी केली. कोंबड्यांना पायांची बोटं पोटाखाली घेऊन बसता यावं म्हणून रुंद फळी ठोकली. कुटार ओलं दिसलं की बदलायचं, सकाळी कोमट पाणी, संध्याकाळी मूठभर मका. पाहुण्यांचा चहा मागे पडला तरी चालेल! मी चिडवलं की हसायचे. "तुले चहा करता येते बे, त्यायले येते काय?"

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे भाऊजींच्या स्मरणविधीच्या दिवशी भाचा म्हणाला, आईला एकटीला हा व्याप कशाला, कुणाला तरी देऊन टाकू. दिल्या तर त्यांचा रस्सा होणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. शेवटी मीच म्हणालो, मी नेतो.

परवा कोंबड्या न्यायला टोपलं घेऊन गेलो. गारठा चांगलाच पडला होता. भाऊजींचा मफलर कानाला गुंडाळून ताई खुराड्यात वाकली होती. पाचही जणी फळीवर चिकटून बसलेल्या, आणि ती एकेकीच्या पंखाखाली हात घालून ऊब पाहत होती... भाऊजी पाहायचे तशीच. मला फार बरं वाटलं.

"टोपलं आणलं काय?" तिने वळून न पाहता विचारलं.

"हो."

"बरं झालं. शेतातून कुटार भरून आण. हे ओलं होऊन राह्यलं."