गंधकाच्या गोळ्यावरची बोटं

आधीच सांगून टाकते. मी जळगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, एकवीस वर्षं झाली. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला पोरं टेबलाच्या ड्रॉवरमध्ये लिंबू आणून ठेवतात, तेव्हा ते लिंबू उचलून स्टाफरूममध्ये सरबत करून पिणारी बाई आहे मी. अंगारे-धुपारे, नजर, करणी... असल्या गोष्टींवर भरपूर हसून झालंय. या सदरात येणारे अनुभवही मी आतापर्यंत हसतच वाचले. हे लिहायला मात्र दीड वर्ष लागलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू फार थकली होतीस गं तेव्हा." थकले होते, हे खरंच आहे.

माझं माहेर धुळ्याला, देवपुरात. दोन खोल्या आणि वर गच्ची. माझे वडील, नाना, बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. रिटायर झाले आणि किमयेच्या नादी लागले. गंधक तापवायचा, थंड करायचा, परत तापवायचा — कुठल्याशा जुन्या वहीत लिहिलं होतं, सात वेळा केलं की त्या गंधकाने तांब्याचं सोनं होतं. गल्लीत सगळे त्यांना 'सोनारनाना' म्हणायचे. गच्चीवरून वास सुटला की शेजारीपाजारी धडाधड खिडक्या लावून घ्यायचे. माझी आई — तिला आम्ही मुलंसुद्धा अक्काच म्हणायचो — कपाळाला हात लावायची. "सोनं होवो नही तं नको, मनी एक कढई गयी ना!"

मग अक्काला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. डोळे तेवढे आमच्याकडे बघायचे. तिला कळतंय का, हेही कुणी खात्रीने सांगेना. सहा महिने झाल्यावर डॉक्टर म्हणाले, जे परत यायचं ते एव्हाना यायला हवं होतं. हाताच्या नसांची तपासणी केली, त्यातही हालचालीची काही खूण आली नाही. तो उजवा हात पांघरुणावर ठेवला तसा पडून राहायचा. त्या हाताच्या पहिल्या बोटाचं वरचं पेर लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात गेलेलं. त्याच आखूड बोटाने ती आम्हाला दटावायची आणि आम्ही खुदखुदायचो.

एका रविवारी गेले तर नाना गच्चीवर पळीत तूप घालून गंधक वितळवत होते. आता सोन्यासाठी नाही... तो गंधक ते अक्काला चाटवणार होते. मी स्टोव्हच बंद केला. वाट्टेल ते बोलले त्यांना. सत्तरी ओलांडलेला माणूस माझ्यासमोर उकिडवा बसून रडला.

"डॉक्टरनी हात टेकात. मी काय करू ते तरी सांग. तुनी केमिस्ट्री मंग काय कामनी शे?"

हातात काहीतरी दिल्याशिवाय हे ऐकणार नाहीत, हे दिसत होतं. म्हणून मी अकरावीच्या पोरांना दाखवते तो प्रयोग त्यांना दाखवला. गंधक तापवला की आधी मधासारखा पातळ होतो, मग लालभडक आणि घट्ट होतो, आणखी तापवला की परत पातळ. तेव्हा तो गार पाण्यात ओतायचा. हाताला येतो तो पिवळा खडा नसतो, रबरासारखा मऊ तपकिरी गोळा असतो. नाना बघतच राहिले. मी म्हटलं, "यात चमत्कार काही नाही. एक-दोन दिवसांत हा परत कडक आणि पिवळा होणार." माझा हेतू त्यांच्या डोक्यातलं खूळ काढायचा होता.

पण नानांनी तो गोळा धुतला, पुसला आणि अक्काच्या उजव्या हातात ठेवला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने रबरी चेंडू दिला होता ना, तसा. "दाबी ती. आज नही तं उद्या," म्हणाले. पोटात जाण्यापेक्षा हातात बरा, असा विचार करून मी तो तिथेच राहू दिला.

तेव्हापासून तेच चालू झालं. गोळा कडक झाला की नाना तोच परत वितळवायचे, पाण्यात ओतायचे, मऊ करून अक्काच्या मुठीत द्यायचे. मी एक रविवार आड धुळ्याला जायची. माझी गाडी पोचायच्या आत त्यांचं सकाळचं वितळवणं झालेलं असायचं, त्यामुळे मला नेहमी ताजा, गुळगुळीत गोळाच दिसायचा.

मध्ये एकदा त्यांचा फोन आला. मी पेपर तपासत होते.

"वैशू, गोळाले खड्डे पडतंस व."

"पडणारच नाना. कडक होताना आकसतो तो. वितळवा परत."

एवढंच बोलले मी. अर्धं लक्ष पेपरात होतं.

चैत्रातला रविवार होता. मी पोचले तर नाना अक्काच्या कॉटशेजारी चटईवर पडलेले. आदल्या दिवसापासून ताप, म्हणून गोळा वितळवायचा राहिला होता. अक्काला पुसून घेताना मी तिच्या हातातून तो काढला. कडक, पिवळा झाला होता. आणि त्यावर बोटं उमटली होती.

खड्डे कुठले? चार बोटं आणि अंगठा. खोलवर. आपण कणकेचा गोळा गच्च आवळला तर उमटतील तशी. त्यातलं पहिलं बोट आखूड, पेरभर आखूड. मी ती बोटं अक्काच्या बोटांशी लावून पाहिली. बसली.

"नाना, हाई काय शे?"

त्यांनी डोळे बारीक केले. मोतीबिंदू पिकलेला, त्यांना काय दिसणार! "काय शे? खड्डे. दर येळे पडतंस. तूच सांगं व्हतं ना, आकसस म्हणून."

दर येळे!

मग मीच गच्चीवर गेले. तो गोळा रुमालात बांधून ठेवला, नवा गंधक तापवला, नवा गोळा केला आणि अक्काच्या हातात दिला. "अक्का, दाब ना... एक डाव दाब... मी देखी राहिनू." तासभर विनवलं तिला. बोट हललं नाही. ती नुसती माझ्याकडे बघत होती. शेवटी मोबाइल डब्याला टेकवून व्हिडिओ चालू केला आणि नानांसाठी पेज टाकायला उठले. चाळीस मिनिटांनी परत आले. गोळा उचलला, तर बोटं उमटलेली. तीच, आखूड पहिल्या बोटासकट.

व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे. शेकडो वेळा पाहिलाय, हळू करून पाहिलाय. चाळीस मिनिटं एक हात गोळ्यावर सैल पडलेला आहे. पंख्याने पांघरुणाची कड हलते. हात हलत नाही. खोलीत कुणी येत नाही.

डॉक्टरांना गोळा आणि व्हिडिओ दोन्ही दाखवलं. त्यांनी नसांची तपासणी परत केली. काही नाही. ते सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतःकडेही जरा लक्ष द्या." मला त्यांचा राग आला नाही, त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. मी रजा टाकून धुळ्यालाच राहिले. रोज गोळा द्यायची, रोज बोटं यायची आणि रोज विचारायची — अक्का, काय पाहिजे? पाणी? दुखतंय का? आम्ही जाऊ नये असं वाटतं का? हो म्हणायला तिच्याकडे काहीच नव्हतं... नाही म्हणायलाही नव्हतं. अकराव्या दिवशी, दुपारी, अक्का गेली.

तेरावं झालं आणि मी जळगावला परतले. आठवड्याभराने नाना सांगावा न धाडता मेहरूण भागात आमच्या दारात. इतक्या वर्षांत एकटे कधी आले नव्हते. हातात कापडाची पुरचुंडी. ती सोडून माझ्यापुढे ठेवली. आत एक गोळा. कडक, पिवळा... आणि गुळगुळीत.

"ती गयी त्याना दुसरा दिन केला. तिना कॉटवर ठेवा, तिना जागावर. हात नही लावा कोणी. आज कितला दिन झाया! देख, आपोआप खड्डे पडतंस का?"

आम्ही लॅबमध्ये याला ब्लँक म्हणतो. सगळं तसंच करायचं, फक्त एक गोष्ट काढून घ्यायची आणि काय होतं ते बघायचं. एकवीस वर्षं शिकवतेय. मला ते सुचलं नाही, माझ्या फिटर बापाला सुचलं.

"मंग ती दाबत व्हती ना पोरी," नाना म्हणाले. "इतला महिना दाबत व्हती. कितल्या येळा वितळाडं व्हई आपुन ते?"

'आपुन' म्हणाले. माझं नाव नाही घेतलं. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

रुमालातला तो गोळा माझ्या कपाटात आहे. मेलेल्या हाताची बोटं गंधकावर कशी उमटतात, हे मला माहीत नाही. ती काय सांगत होती, तेही माहीत नाही. फोनवर मी काय म्हटलं होतं, तेवढं मात्र नीट आठवतं.