बंद पाळणाघराची फी

१ एप्रिल २०२०. रुपये १,८५० फक्त.

आमची नात सई हिच्या पाळणाघराची ही एका महिन्याची फी. दर महिन्याच्या एक तारखेला ती गिरिजाबाईंच्या खात्यात जमा होत असे. त्या एप्रिलमध्ये ती द्यायची की नाही, यावर तेरा मुलांच्या पालकांनी मोबाइलच्या ग्रुपवर बराच खल केला. कोरोनामुळे पाळणाघर मार्चच्या मध्यापासून बंद होते. मुले घरी, आईबापही घरी. मग पैसे कशाचे?

ग्रुपमधले सोमशेखर वकील. त्यांची शिवानी सईच्याच वयाची, तीन वर्षांची. सेवा नाही तर शुल्क नाही, हे त्यांचे म्हणणे सर्वांना पटले. मी बी.कॉम. आणि पतसंस्थेत हिशेबनीस, म्हणून ठरावाचा मजकूर माझ्याकडे आला. मी तो तीन ओळींत नीट लिहून दिला. सोमशेखरांनी तो गिरिजाबाईंना पाठवला. लगेच उत्तर आले, "बरं हाय." एवढ्या चटकन कोणी कबूल झाले की संशय यायला हवा. कोणालाच आला नाही.

गिरिजाबाई मूळच्या सोलापूरजवळच्या कुंभारीच्या. घरात कानडी, बाहेर मराठी. नवरा चन्नप्पा टॉवेलच्या कारखान्यात होता. तो गेल्यावर त्यांनी शेजारच्या एका शिक्षिकेचे मूल सांभाळायला घेतले. मग त्या मुलाची बहीण आली, बहिणीमागून गल्लीतली आणखी पोरे आली, आणि होटगी रोडजवळ रुद्रप्पांच्या दोन खोल्या भाड्याने घ्याव्या लागल्या. बाई अंगाने मोठ्या, आवाजाने त्याहून मोठ्या. मुले त्यांना अव्वा म्हणत आणि आईबापांपेक्षा त्यांचे जास्त ऐकत.

त्यांची एक पद्धत होती. जेवणाची वेळ झाली की पालथ्या ताटावर पळी वाजवायची आणि म्हणायचे, "ऊटा माडु." म्हणजे जेवा. सगळी मुले मांडी घालून बसत आणि दुधात कुस्करलेली भाकरी मुकाट्याने संपवत. त्यानंतर "मल्को", म्हणजे झोपा. सगळी ओळीने आडवी. आम्हाला यातले काही ठाऊक नव्हते. आमची मुले उपजतच शहाणी आहेत, अशी आमची समजूत होती.

ती समजूत पाळणाघर बंद झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच गेली. सई घास गालात धरून घरभर फिरायची. बाहेर ऊन असे की पंखासुद्धा गरम वारा फेकत होता, आणि ही भर दुपारी टक्क जागी. माझी सून चेतना बेडरूममधून ऑफिसचे काम करी, तर तिच्या मीटिंगमध्ये ही टेबलाखालून डोके काढून साहेबांना वाकुल्या दाखवायची. माझी पत्नी सरोजिनी हिने सईकडूनच ते शब्द काढून घेतले आणि ताट वाजवून म्हणून पाहिले. सई पोट धरून हसली. म्हणाली, "आजी, तुला येत नाही."

शेवटी सरोजिनीने गिरिजाबाईंना फोन लावून स्पीकरवर ठेवला. तिकडे ताट वाजले, इकडे भाकरी संपली. ही बातमी ग्रुपवर गेली आणि मार्चअखेरपर्यंत गिरिजाबाई रोज दुपारी एकामागून एक तेरा घरांतली मुले फोनवरून जेवू घालत आणि झोपवत होत्या. हे कोणत्या सदरात धरायचे, हे ठराव करताना कोणी विचारले नाही.

ठराव पोचला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून दुपारी बाईंचा फोन बंद. संध्याकाळी तो सुरू व्हायचा आणि बाई प्रत्येकाशी अगदी गोड बोलायच्या, जेवण झाले का म्हणून चौकशीही करायच्या. सरोजिनीने कारण विचारले.

"पाळणाघर बंद हाय की, वैनी," त्या म्हणाल्या. "बंद म्हंजे समदंच बंद. तुमच्या सायबांनीच लिवलंय. लई चांगलं अक्षर पडलंय, बगा."

मोबाइलवर टाइप केलेल्या मजकुरात अक्षर कसले?

मग त्याच सुरात त्यांनी सांगितले की रुद्रप्पांना खोल्या टॉवेलच्या गाठी ठेवायला हव्या आहेत. पंधरा तारखेपर्यंत भाडे मिळाले नाही तर पाळणे, चटया टेम्पोत घालून कुंभारीला जायचे, आणि मग पुन्हा पाळणाघर काढणे काही होणार नाही. "तितं फोनबी लागत न्हाय," त्या म्हणाल्या.

कुंभारीत फोन उत्तम लागतो. सरोजिनीची मावसबहीण तिथेच राहते. पण ग्रुपवर निरोप टाकताना तिने ही माहिती दिली नाही.

सोमशेखरांनी मात्र तोड काढली होती. त्यांच्याकडे बाईंच्या आवाजाचे जुने रेकॉर्डिंग होते. ते त्यांनी लावले. शिवानीने दोन घास खाल्ले आणि अव्वाला विचारले, आज तू काय खाल्लेस? अव्वा बोलेना. शिवानीने पुन्हा विचारले, फोन उलटा करून पाहिला आणि जो गळा काढला तो तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेला.

त्या संध्याकाळी सोमशेखरांनीच नवा प्रस्ताव मांडला: अर्धी फी. दोन्ही बाजूंनी सोसायचे. हिशेब मला मान्य होता. ग्रुपच्या वतीने मी गिरिजाबाईंना फोन केला.

"चालतंय की, सायेब," त्या म्हणाल्या. "अर्दी फी, अर्दं काम. मी ऊटा माडु म्हनते. मल्को तुमचं तुमी म्हना."

मी हे जसेच्या तसे ग्रुपवर कळवले. मग चेतनाने शेजारच्या खोलीतून सासऱ्याला न विचारता लिहिले, "आम्ही पूर्ण देतो." रात्रीच्या जेवणाआधी तेराही घरांचे पैसे जमा झाले. सोमशेखरांचे सर्वांत आधी.

रुद्रप्पांना भाडे मिळाले आणि गाठी त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली राहिल्या. पाळणाघर उघडेपर्यंत दरमहा फी पूर्ण गेली आणि दुपारी सोलापुरातली तेरा घरे शांत झोपली. बंद काळात फी द्यावी की नाही, हा तात्त्विक प्रश्न ग्रुपवर पुन्हा निघाला नाही. मला विचाराल तर त्याचे उत्तर अजून लागलेले नाही. आम्ही पैसे दिले ते झोपेसाठी.

मे महिन्यात एकदा शिवानी तोंड उघडून बसलेली असताना गिरिजाबाईंचा रिचार्ज संपला. सोमशेखरांनी तातडीने स्वतःच्या खिशातून तो भरला आणि खर्च सर्वांत वाटून घेतला. दर घरी बारा रुपये. आमच्या घरचे बारा रुपये त्यांना अजून द्यायचे आहेत.