अर्जात शिरलेली गाण्याची ओळ

लग्न होऊन मी नाशकात आले तेव्हा आमचं बिऱ्हाड गंगापूरच्या रस्त्याला होतं. त्या काळी तो गावाबाहेरचा भाग. चार-पाच बैठे बंगले आणि बाकी सगळी माळ्यांची शेतं. मोगरा, शेवंती, वांगी, कोबी. घरात आम्ही तिघंच: मामंजी, हे आणि मी. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. ह्यांची नोकरी नाशिक रोडला, छापखान्यात. सकाळी डबा बांधून सायकलवर निघत ते दिवेलागण उलटून गेल्यावर घरी. मामंजी कोर्टात शिरस्तेदार होते आणि नुकतेच पेन्शनीत निघाले होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे अर्ज वाचले होते. आपणही एखादा करावा अशी त्यांची मनातून फार इच्छा असावी, असं मला वाटतं. नुसतं कारण मिळत नव्हतं.

ते कारण कुंपणापलीकडे येऊन राहिलं.

आमच्या शेजारी एका माळ्याचा मोगऱ्याचा मळा होता. मळ्याच्या टोकाला त्याचं खळं, आमच्या ओसरीपासून जेमतेम पन्नास पावलांवर. एका उन्हाळ्यात ते खळं एका पेटीमास्तरांनी भाड्याने घेतलं. मास्तर नाटक मंडळीत ऑर्गन वाजवायचे. बोलपट आले, लोक तिकडे धावले आणि त्यांची मंडळी बसली. मग मास्तरांनी मंडळीतल्या दोन गाणाऱ्या बाया आणि जुन्या गावातले एक तबलजी चाचा गोळा केले. खळ्यावर फळ्यांचं व्यासपीठ बांधलं, तीन बाजूंना कनाती लावल्या, दोन गॅसबत्त्या टांगल्या आणि दर शनिवार-रविवारी संध्याकाळी सहापासून उघड्यावर गाणं सुरू केलं. गावातून टांगे भरभरून माणसं येऊ लागली. व्यासपीठाचं तोंड बरोबर आमच्या ओसरीकडे होतं.

मामंजींची संध्या ओसरीवर असे. पहिल्या शनिवारी त्यांनी कसाबसा तग धरला. दुसऱ्या शनिवारी पळी खाली ठेवून ते आत आले.

"सूनबाई, गायत्रीचा जप तीनतालात जातोय."

मला हसू आलं. पण त्यांचा चेहरा पाहून मी ते पदरात दाबलं.

"दौत-टाक घेऊन ये. मामलेदार कचेरीत अर्ज करायचा आहे."

माझं अक्षर चांगलं होतं. किंबहुना त्या अक्षरावरच माझं लग्न ठरलं. मला बघायला आले तेव्हा मामंजींनी इतरांसारखं गाणं म्हणायला सांगितलं नाही, पुढ्यात कागद ठेवला आणि "चार ओळी लिही" म्हणाले. तेव्हा अर्जाचं काम माझ्याकडे येणार हे उघडच होतं. ते येरझारा घालत मजकूर सांगायचे, मी लिहायची. 'सदरहू इसमाने चालविलेल्या गायनवादनामुळे अर्जदाराच्या नित्यकर्मात व्यत्यय येत असून...' अशी ती भाषा. मला त्यातलं 'सदरहू इसम' फार आवडे. सदरहू इसम सकाळी कुंपणाशी येऊन मला नमस्कार करून पिण्याचं पाणी मागून नेत असे, आणि मी हंडा भरून देत असे.

खरं सांगायचं तर मला ते गाणं हवंहवंसं झालं होतं. माहेरी गाण्याला मज्जाव होता. इथे स्वयंपाकघराच्या खिडकीतून फुकट येत होतं. शनिवारी मी पोळ्या लवकर उरकायची आणि खिडकीशी भाजी निवडत बसायची. निवडायला भाजी उरली नाही तर निवडलेलीच पुन्हा निवडायची.

मामंजींनी एकदा माळ्यालाही बोलावून झापलं. तो हात जोडून उभा राहिला.

"दादासाहेब, मला तर त्याचा काय बी त्रास नाय. अन् मोगऱ्याला तर लय मानवलंय. यंदा कळी दुप्पट हाय."

"तुझा मोगरा संध्या करतो का?"

"नाय जी. पण संध्याकाळीच फुलतो ना."

 मामंजींनी मला दुसरा अर्ज सांगायला घेतला. पहिल्याचं उत्तर आलं नव्हतं, दुसऱ्याचंही आलं नाही. महिना गेला. एका शनिवारी दुपारी चारला त्यांनी तिसरा मसुदा सांगितला आणि "आता याची स्वच्छ प्रत कर" म्हणून जरा आडवे झाले.

मी ओसरीवर लिहायला बसले. पलीकडे तालीम चालू होती. थोरली बाई एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवत होती आणि मास्तर तिला दर वेळी थांबवत होते. नवीनच चाल होती. माझा डावा पाय आपला आपण हलत होता, उजवा हात लिहीत होता. पाचाच्या सुमारास प्रत झाली. मामंजींनी उठून चूळ भरली, मजकूर आपलाच म्हणून न वाचता सही ठोकली आणि टपालाची पेटी उघडायच्या आत स्वतः जाऊन अर्ज टाकून आले.

या वेळी मात्र कचेरीतून आठ दिवसांत माणूस आला. शनिवारी साडेपाचला एक तपासनीस साहेब पट्टेवाल्यासह दारात हजर. मामंजींनी घाईघाईने कोट चढवला, पगडी घातली. साहेबांनी मास्तरांना आणि माळ्यालाही बोलावून घेतलं. सगळे ओसरीवर बसले, माळी पायरीवर. मी पन्ह्याचे पेले घेऊन दाराशी उभी.

साहेब तरुण होते, गालाला खळी पडणारे. त्यांनी खिशातून अर्ज काढला.

"दादासाहेब, अर्ज आमच्याकडे रोज येतात. पण इतक्या आपुलकीचा अर्ज मी पहिल्यांदा पाहिला. मोठ्याने वाचतो, म्हणजे सगळ्यांना तक्रार कळेल."

आणि त्यांनी वाचलं: "'...या बाबतीत पूर्वी दोन अर्ज केले असून त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही. सख्या, इतका का रे उशीर? तरी मेहेरबान साहेबांनी सदर जागेची समक्ष पाहणी करावी...'"

पट्टेवाल्याला ठसका लागला. माळ्याने तोंडाला उपरणं लावलं.  पुढचं काही मला ऐकू येईना. माहेरी परत पाठवतील, एवढंच डोक्यात आलं. अक्षरावर ठरलेलं लग्न अक्षरावरच मोडणार.

मामंजींनी हात पुढे करून कागद मागितला. चष्मा लावून ती ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. 

"मसुदा माझा आहे," ते म्हणाले.

"ही ओळसुद्धा?" साहेबांनी विचारलं.

"खाली सही कुणाची आहे?"

"आपली."

"मग सगळं माझंच. दोन अर्जांना उत्तर नाही, तिसऱ्याला आठ दिवसांत माणूस आला. म्हणजे ओळ कामाची होती."

आता साहेब मोकळेपणी हसले. मास्तर मात्र गंभीरच होते. त्यांनी अदबीने कागद मागून घेतला, ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "दादासाहेब, 'सख्या'नंतर तुम्ही स्वल्पविराम दिलाय. आमच्या बाईंना वीस वेळा सांगितलं, तिथे श्वास घ्या, मग पुढे जा. त्यांना काही ते जमत नाही. तुम्ही मात्र नुसतं ऐकून बरोबर पकडलंत."

 मामंजींनी पगडी सारखी केली. त्यांना बरं वाटलं की ते असंच करत.

तिथून बोलणी एकदम सोपी झाली. मास्तर म्हणाले, संध्येच्या वेळेला अर्धा तास गाणं बंद ठेवीन, साडेआठच्या पुढे एक सूर वाजवणार नाही. साहेबांनी सुचवलं, व्यासपीठाचं तोंडही फिरवा, मळ्याच्या विहिरीकडे करा. माळ्याने आणि तबलजी चाचांनी दुसऱ्याच दिवशी फळ्या उचकटून फिरवल्या.

सगळे गेल्यावर मी पेले विसळत होते. मामंजी स्वयंपाकघराच्या दाराशी आले. आत कधी येत नसत.

"सूनबाई, पुढच्या वेळी प्रत मला दाखवायची."

"हो," मी म्हटलं. आणि रडू आलं. ते गोंधळले, "अगं, पन्हं छान झालं होतं" असं काहीतरी म्हणाले आणि निघून गेले. जेवताना ह्यांना सगळं सांगितलं तर ह्यांचा घास अडकला. हसू आवरेना, आणि समोर मामंजी तोंड मिटून वरणभात कालवत होते.

मधल्या अर्ध्या तासाचा फायदा माळणीला झाला. त्या वेळात ती कनातीबाहेर गजरे आणि भाजलेल्या शेंगा घेऊन बसे. इकडे मामंजींची संध्या निर्वेध होऊ लागली. इतकी, की संपवून ते घड्याळ बघत बसत. "अर्धा तास होऊन गेला. अजून सुरू का करत नाहीत?"

दुसरी एक गंमत झाली. विहिरीपलीकडे एका वकिलांचा बंगला होता. आमच्या अर्जांची गोष्ट कळल्यापासून हे वकील लोकांना सांगत सुटले होते की शिरस्तेदारांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. आता गाण्याचं तोंड त्यांच्याकडे झालं. तीन आठवड्यांत वकीलसाहेब आमच्या ओसरीवर.

"शिरस्तेदार, तुमचा मसुदा फार परिणामकारक होता म्हणतात. एक प्रत मिळेल का?"

"देईन की," मामंजी म्हणाले. "पण आधी हा उन्हाळाभर ऐका. ओळ आपोआप सुचेल."

त्याच उन्हाळ्यात एका शनिवारी मामंजी मला म्हणाले, "चल, समोर बसून ऐकून येऊ." मी हिरवं नऊवारी लुगडं नेसले. मास्तरांनी आम्हाला पुढे सतरंजीवर बसवलं. थोरल्या बाईने तीच चाल गायली, आणि 'सख्या'नंतर थांबली. मामंजींनी मान डोलावली. परत येताना मात्र कुरकुरले, "इथे काही खरं नाही. टाळ्या काय, खोकला काय. आपल्या ओसरीवर सुरुवातीला येत होतं ते जास्त स्वच्छ होतं." मी म्हटलं, "व्यासपीठ पुन्हा फिरवायला अर्ज करू या का?" सासऱ्यांशी इतकं मोकळं मी पहिल्यांदाच बोलले. ते थबकले आणि मग रस्त्यात मोठ्याने हसले.

हे दोन उन्हाळे चाललं. तिसऱ्या उन्हाळ्यात गाणं नुकतंच सुरू झालं होतं, तोच मास्तरांना कोल्हापूरच्या एका फिल्म कंपनीत पेटीवर जागा मिळाली. निरोप घ्यायला आले तेव्हा त्यांना आनंद झाला होता आणि लाजही वाटत होती. ज्या बोलपटांनी त्यांची मंडळी बसवली तिथेच ते चालले होते. मामंजींनी त्यांना पान दिलं आणि "तिथे भिंती जाड असतात म्हणतात, शेजाऱ्यांचा त्रास नाही" एवढंच म्हणाले. थोरली बाई पुण्याला लेकीकडे गेली. तबलजी चाचा गावातच राहिले. माळ्याने खळ्याची जागा नांगरून शेवंती लावली.

पुढच्या शनिवारी मी सवयीने पोळ्या लवकर आटोपल्या आणि खिडकीशी भाजी घेऊन बसले. मेथी होती. पहिल्याच खेपेला निवडून झाली. मामंजी ओसरीवरून आत आले आणि म्हणाले, "आज संध्या फार लवकर संपली." तेवढ्यात हे आले. सायकल भिंतीला टेकवून पाय धुता धुता विचारू लागले, "आज एवढं शांत कसं काय?" मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि मी पानं घ्यायला उठले.