तांब्याच्या दोन नळ्या

मास्तर सोफे दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानात आणि माझ्या फोटोफ्रेमच्या दुकानात एकच भिंत, तीही नावापुरती. पलीकडे हातोडी पडली की माझ्या काचा थरथरतात, त्यामुळे माणूस दिसला नाही तरी तो कामावर आहे की नाही ते मला कळतं. तोंडात बारीक खिळे धरून, जिभेनं एकेक पुढे ढकलत ते काम करतात. गिऱ्हाइकानं काही विचारलं तर "हं" नाहीतर "अंहं". लोक म्हणतात, मास्तर फार मोजकं बोलतात. त्यांची बायको, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "मोजकं कसलं, तोंड भरलेलं असतं म्हणून. घरी येऊन बघा, कान किटतात."

घरी तिघंच. मास्तर, वहिनी आणि मास्तरांची आई. वहिनी जवळच्याच एका लाँड्रीत इस्त्री करतात. आईंच्या काळजाचे ठोके मधूनच चुकायचे, म्हणून त्यांच्या छातीत, डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत, ठोके सांभाळणारं एक छोटं यंत्र बसवलेलं आहे.

सगळं सुरू झालं ते एका बंद पडलेल्या लॉजच्या खुर्च्यांपासून. मालकानं त्या टेम्पोत भरून आणल्या आणि दुकानासमोर रचल्या. मास्तरांनी पहिल्याच खुर्चीचं कापड उसवलं, तर शिवणीशिवणीतून ढेकूण. त्यांनी खुर्च्या परत पाठवल्या, पण तोवर उशीर झाला होता. दुकानात, घरात, गाद्यांत सगळीकडे ढेकूण झाले. मास्तरांच्या पाठीवर आणि दंडावर लाल गांधी उठल्या. मग औषध फवारणारे आले, गाद्या उन्हात पडल्या, वहिनींनी घरातली प्रत्येक चिंधी उकळून काढली. ढेकूण गेले. गांधी बसल्या. खाज मात्र राहिली.

"आत शिरलेत," एक दिवस मास्तर मला म्हणाले. बाही वर करून त्यांनी दंड दाखवला. खाजवून खाजवून कातडी सोललेली. "इथून चालतं, खांद्यापर्यंत जातं, परत येतं. दिसत नाही, पण मला कळतं ना."

मी हसण्यावारी नेलं. ते फिनेलच्या पाण्यानं आंघोळ करतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. भिंतीपलीकडचा आवाज मात्र मधेच थांबायला लागला. ठोक, ठोक, आणि मग काहीच नाही. मी करवत हातात धरून ऐकत बसायचो.

वहिनींनी त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर माणूस वाईट नाही. पण त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "मास्तर, ढेकूण अंगावर चढतो, अंगात शिरत नाही. डोक्यातून काढून टाका." बाकावर बसलेले पेशंट हसले. कंपाउंडर हसला. मास्तरांनी शर्टाची बटणं लावली आणि त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढायची नाही असं ठरवून टाकलं.

हसला नाही तो एकच माणूस. मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत तो बसायचा, सगळे त्याला 'सर' म्हणायचे. सरांनी मास्तरांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कुठून चालतं, कुठे थांबतं, किती वाजता वाढतं. मग त्यांच्या दोन्ही हातांत ओल्या फडक्यात गुंडाळलेली तांब्याची एकेक नळी दिली. नळ्यांच्या वायरी एका पेटीला जोडलेल्या, पेटीवर फिरवायचं बटण, एक काटा आणि लुकलुकणारे आकडे. एका आकड्यापाशी काटा हलला. "हे बघा, सापडले," सर म्हणाले. प्रत्येक जंतूची, प्रत्येक किड्याची आपली फ्रिक्वेन्सी असते, तेवढीच फ्रिक्वेन्सी शरीरात सोडली की तो आतल्या आत फुटतो आणि माणसाला काही होत नाही, असं त्यांनी समजावलं.

"काटा हलला, मी डोळ्यांनी पाहिला," मास्तरांनी मला सांगितलं. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा उजळलेला होता. ओला हात आणि तांबं म्हटल्यावर काटा हलणारच, एवढं मलाही कळत होतं. पण त्यांचं तोंड पाहून ते बोलवेना.

पेटी घरी आली. पहिले काही दिवस मास्तर शांत झोपले. वहिनींना इतकं बरं वाटलं की त्याही पेटीचे गोडवे गाऊ लागल्या. मग खाज परत आली. सरांनी सांगितलं, मेलेत ते मोठे, आता अंडी फुटताहेत, आकडा वाढवा. मास्तरांनी आकडा वाढवला. तळहातांना फोड आले. खाज पुन्हा आली तेव्हा सर म्हणाले, "घरातल्या माणसांकडून परत येतायत. सगळ्यांनी धरल्याशिवाय घर स्वच्छ होणार नाही."

वहिनींनी नळ्या धरल्या. "दिवसभर इस्त्री धरते, त्यात आणि ही एक," असं म्हणून त्या हसल्याही. हाताला मुंग्या आल्या, तेवढंच. मग मास्तरांनी नळ्या आईपुढे धरल्या.

वहिनींचं हसू तिथेच संपलं. "आईंना नाही. त्यांच्या छातीत यंत्र आहे. डॉक्टर म्हणाले होते, मोबाइलसुद्धा त्या बाजूच्या खिशात नको."

"सरांना विचारतो." मास्तरांनी तिथेच फोन लावला. पलीकडचा आवाज वहिनींनाही ऐकू आला, "सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवा, काही होत नाही."

"त्या माणसाला काय होतंय? त्याची आई आहे का ही?"

"तू मधे पडू नकोस. तुझ्या अंगावर चालत नाहीयेत ते."

आई खुर्चीत बसून दोघांकडे आळीपाळीनं पाहत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि वहिनी म्हणतात, त्यांच्या त्या न बोलण्यानंच मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी कामावर जाताना नळ्या पिशवीत घालून नेऊ लागल्या. संध्याकाळी आल्या की परत जोडून द्यायच्या आणि मास्तर नळ्या सोडेपर्यंत समोर बसून राहायच्या. मास्तर चिडले, कपाटं उपसली, एकदा वहिनींच्या हातातून पिशवी ओढायला गेले आणि ती फाटली. तरी नळ्या वहिनींकडेच राहिल्या. घरात बोलणं जवळजवळ बंद झालं. आई मधे बसून दोघांनाही चहा देत. मला यातलं काहीच तेव्हा माहीत नव्हतं, वहिनींनी नंतर सांगितलं.

त्या दिवशी दुपारी मी लाँड्रीत शर्ट आणायला गेलो होतो. वहिनी इस्त्री करत होत्या. मी सहज बोलून गेलो, "मास्तर आज लवकरच घरी गेले. फ्रिजवाल्याकडून तांब्याच्या पाइपचे दोन तुकडे कापून घेतले. कुठल्या सोफ्याला लावतायत कोण जाणे."

वहिनींच्या हातातली इस्त्री टेबलावर आडवीच राहिली. "बंद करा ही," एवढंच म्हणून त्या निघाल्या. कपड्याला डाग पडायच्या आत मी बटण बंद केलं आणि त्यांच्यामागे धावलो.

जिन्यात त्यांची चप्पल निसटली, ती त्यांनी तशीच सोडली. दाराला कुलूप नव्हतं, नुसतं ओढून घेतलेलं होतं. वहिनींनी ते ढकलून उघडलं.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. दोन्ही मुठींत ओला टॉवेल, त्यातून पाइपची टोकं बाहेर. मास्तर जमिनीवर बसून पेटीकडे पाहत होते. मान वर न करताच म्हणाले, "थोडंच राहिलंय. आईनंच आण म्हटलं."

त्यांच्या पाठीमागे आईंची मान एका बाजूला कलंडली. डोळे अर्धे मिटलेले, ओठ पांढरेफटक. वहिनींनी दोन ढांगांत खोली ओलांडून वायर भिंतीतून उपटली.

पेटीची गुणगुण थांबली. मी आईंच्या मुठी सोडवल्या, त्या बर्फासारख्या गार होत्या. वहिनी त्यांचे गाल चोळत "आई, अहो आई" करत राहिल्या. मास्तर जागचे हलले नाहीत. मग आईंच्या छातीतून एक लांब श्वास आला, डोळे उघडले, आणि त्यांनी पहिलं काय केलं तर मुलगा कुठे आहे ते पाहिलं. मी अँब्युलन्सला फोन लावला.

हॉस्पिटलात ही यंत्रं तपासणाऱ्या एका मुलीनं आईंच्या खांद्याखाली चकतीसारखं काहीतरी ठेवलं आणि स्क्रीनवर आलेल्या रेषा वाचल्या. मग तिनं आम्हाला समजेल असं सांगितलं. छातीतलं यंत्र सारखं काळजाचा कानोसा घेत असतं. ठोका चुकला की धक्का देतं. एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा करंट छातीतून गेला, यंत्राला वाटलं ठोके चालू आहेत, म्हणून ते गप्प बसलं. ठोके मात्र पडत नव्हते. करंट बंद झाला आणि यंत्र पुन्हा कामाला लागलं. "वेळेवर काढलात," ती म्हणाली. "यंत्र ठीक आहे, पण आज इथेच ठेवू."

मास्तर इतका वेळ भिंतीला टेकून होते. ते पुढे आले. "म्हणजे करंट आतपर्यंत पोचतो?"

"पोचतो की."

मास्तर वहिनींकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते सांगतो, आशा होती. "बघ," ते म्हणाले. "पोचतो."

मला वाटलं आता या बाई याला इथेच फाडून खातील. वहिनी बाकावर बसल्या, मास्तरांनाही हाताला धरून बसवलं. आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, "अहो, त्या करंटनं तुमचा एक तरी किडा मेला का, मला माहीत नाही. आई मरत होत्या हे मी पाहिलं. तुमची पाठ होती म्हणून तुम्ही नाही पाहिलंत."

मास्तर दंड खाजवायला लागले. वहिनींनी तो हात धरून आपल्या मांडीवर दाबून ठेवला. तो सुटायला धडपडत होता. बऱ्याच वेळानं शांत झाला.

आईंना भेटायला आत सोडलं तेव्हा त्या मास्तरांना म्हणाल्या, "तुझी चूक नाही रे. मला ठाऊक होतं, धरायचं नसतं ते. म्हटलं, एकदा धरते, म्हणजे हा तरी निवांत झोपेल." मास्तर बाहेर आले आणि जिन्याकडे तोंड करून उभे राहिले. रडत होते की खाजवत होते, मी पाहायला गेलो नाही.

त्याच इमारतीत कातडीच्या आजारांच्या एक डॉक्टर बसत. दुसऱ्या दिवशी वहिनी मास्तरांना तिथे घेऊन गेल्या, मला सोबत ओढलं. मास्तरांनी खिशातून काडेपेटी काढली. त्यात त्यांनी अंगावरून खरवडलेलं जमवून ठेवलं होतं. वहिनींनाही ते नवीन होतं. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. काडेपेटीतलं एकेक काचेवर ठेवून त्यांनी मायक्रोस्कोपात पाहिलं आणि मास्तरांना म्हणाल्या, "तुम्हीच बघा. तुम्हाला काय दिसतं ते सांगा."

मास्तर वाकले. एक डोळा मिटून एकेक काच पाहिली.

"काथ्या आहे," शेवटी म्हणाले. "हा फोमचा चुरा. हा धागा... गेल्या महिन्यातल्या मखमलीचा." मग मान वर केली. "पण चालतं ते? ते तर खोटं नाही."

"खाज खरी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आधी ढेकणांनी केली. मग फिनेलनं, नखांनी, भाजलेल्या हातांनी वाढवली. आता किडा नसतानाही तुमच्या नसा तसंच सांगतायत."

त्यांनी मलम दिलं, फिनेल बंद केलं आणि झोपताना घ्यायची एक गोळी लिहून दिली.

"ही वेड्यांची गोळी आहे का?"

"तुमच्या नसांना गप्प करणारी आहे. घ्या, आणि माझ्याशी येऊन भांडा."

मास्तरांना सगळं पटलं होतं असं मी म्हणणार नाही. ते वहिनींच्या धाकानं गोळी घेत होते. पण हॉस्पिटलातून आई घरी आल्या त्या आठवड्यात त्यांनी पेटी बगलेत मारली आणि मला म्हणाले, "चल जरा."

सरांच्या खोलीत माणसं बसलेली होती. मास्तरांनी पेटी टेबलावर ठेवून काय झालं ते सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "आईंनी आधी पाणी कमी प्यायलं असेल. आकडा कितीवर होता?"

"तुम्ही सांगितलात तेवढ्यावर."

"मग घाबरायचं कारण नाही. असं एखाद्याला होतं."

मास्तरांच्या तोंडात त्या दिवशी खिळे नव्हते. ते बसलेल्या माणसांकडे वळले आणि प्रत्येकाच्या पुढ्यात जाऊन तेच विचारू लागले. "तुमच्या घरात कुणाच्या छातीत यंत्र आहे का?" एका बाईंनी शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या वडिलांकडे पाहिलं, त्यांचा हात धरला आणि उठून गेल्या. बाकीचे जमिनीकडे पाहत राहिले. "पुढचे या," सर म्हणाले, आणि पुढचा माणूस खरंच उठून टेबलापाशी गेला. मास्तर जिना उतरताना कठडा धरून उतरले. वाटेत एकदाच बोलले. "मीही बसूनच राहिलो असतो."

खाज एकदम गेली नाही. कमी झाली, परत वाढली, मग पुन्हा कमी झाली. मास्तर आता हातमोजे घालतात आणि डॉक्टरबाईंशी खरंच भांडायला जातात. वहिनींनी मात्र त्यांना काही बोलून दाखवलं नाही. त्यांनी फक्त एक केलं. रोज सकाळी कामावर जाताना आईंना सोबत लाँड्रीत नेऊ लागल्या. आई तिथे स्टुलावर बसून रुमालांच्या घड्या घालत. कुणी विचारलं तर वहिनी म्हणायच्या, "घरी कंटाळतात." खरं कारण मला माहीत होतं, आणि मास्तरांनाही. ते रोज दारापर्यंत येऊन आईच्या हातात तिची चष्म्याची डबी द्यायचे आणि मागे फिरायचे.

असं बरंच चाललं. पावसाळा गेला, थंडी गेली. मग एका सकाळी मी दुकान उघडत होतो, तर वहिनी एकट्याच येताना दिसल्या.

"आई कुठे?" मी विचारलं.

"घरी आहेत. हे आज उशिरा दुकान उघडणार आहेत, दोघं गप्पा मारत बसलेत." दोन पावलं पुढे जाऊन त्या थांबल्या, एकदा मागे घराच्या खिडकीकडे पाहिलं. मग पिशवी खांद्यावर नीट केली आणि लाँड्रीकडे निघून गेल्या.