आबांनी डोह दाखवला

माझ्या बापाने हात पुढे केला. सरांनी तो हातात घेण्याआधी खिशातून सॅनिटायझर काढलं आणि बापाच्या तळहातावर ओतलं.

"चोळा आबा, चोळा. मासळीचा वास आठवडाभर जात नाही हो."

धुळ्याच्या देवपुरातल्या कॉलेजचं सभागृह हसलं. आबाही हसले. ते हसले, हेच मला जास्त लागलं.

मागे फलक होता : 'सहभागी संशोधन. बदलता किनारा, बदलती माणसं.' तापी समुद्राला मिळते तिथल्या खाडीतली मासळी संपत चाललीय. का संपतेय ते शोधायला मोठ्या शहरांतले लोक आले होते, सर त्यांचे प्रमुख. खाडीपासून नदीकाठाने वर, थेट आमच्या शिंदखेडा तालुक्यापर्यंत. आम्ही भोई. नदीवर जगणारे. मी धुळ्यात एम.एस्सी. करत होते, म्हणून मला 'सहसंशोधक' केलं. काम एकच. आमच्या लोकांची अहिराणी त्यांना मराठीत सांगायची.

आमच्यात रीत आहे. डोह परक्याला दाखवायचा नाही. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा मासा जिथे जीव धरून राहतो तो डोह. आमचं पोटही तिथेच. पण ज्याने आमच्या चुलीवरचं खाल्लं, तो घरचा. घरच्यापासून डोह लपवत नाहीत. सरांनी आमच्याकडे मासा खाल्ला होता. मागून वाढून घेतला होता. दुसऱ्या सकाळी आबा त्यांना होडीत बसवून घेऊन गेले.

आता तोच डोह पडद्यावर होता. लाल वर्तुळात. शेजारी जाळं धरलेल्या आबांचा फोटो. खाली : 'स्थानिकांकडून अंडी धरलेल्या माशांची बेसुमार मासेमारी. उपाय : पूर्ण बंदी.'

मी उठले. "सर, आणि बंधारे? समुद्रातून वर येणारी वाम मासळी बंधारे झाल्यापासून आलेली नाही. घराघराने सांगितलंय. मीच भाषांतर करून दिलंय."

"तो शासनाचा विषय. आपल्या अभ्यासाच्या कक्षेत बसत नाही." मग आबांकडे वळून, "धुळ्यात वॉचमन लागतात आबा. गणवेश मिळेल, पंख्याखाली बसाल." आणि मला, "यांना यांच्या भाषेत समजव. होकार घे. अहवालाला लोकांची संमती लागते."

आबांनी माझी ओढणी ओढली. "काय सांगी राहिनात त्या?"

"आपला डोह बंद करतस म्हने, आबा."

"आपला? तो ते मीच दखाडा त्यास्ले." मग हळूच, "आपला घर जेवनात ना त्या?"

हे वाक्य मी मराठीत सांगितलं नाही.

खाडीकडून आणलेली एक म्हातारी कोळीण शेजारी बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हमारे यहाँ भी पहले जाल ही बंद हुआ, बेटी. कारखाना तो चालू है."

मी माईक घेतला. "होकार नाही. माझ्या बापाचा नाही, माझा नाही. आणि सहसंशोधक म्हणून लावलेलं माझं नाव खोडा."

"भावनेच्या भरात करिअर घालवू नकोस," सर म्हणाले. "चला, चहा घेऊ या."

अहवाल निघाला. माझं नाव गेलं, त्याबरोबर नकारही गेला. 'स्थानिकांशी चर्चा झाली.' एवढंच उरलं. डोहावर बंदीची पाटी लागली. बंधाऱ्याच्या दारांना कुणी हात लावला नाही. आबा हायवेवरच्या एका गोडाऊनवर वॉचमन आहेत. गणवेश मिळाला. पंखा नाही.

मला आशा नाही. नदी सुटेल असं मी कुणाला सांगत नाही. पण काठावरच्या एकेका भोईवाड्यात जाते, बायांना बसवते आणि सांगते : पुन्हा संशोधकांची जीप येईल. गोड बोलेल, सहभाग म्हणेल. आधी विचारा, बंधाऱ्याचं लिहिणार का? कारखान्याचं लिहिणार का? नाही म्हणाले, तर त्यांच्यापुढे ताट मांडू नका.

दारी आलेल्याला उपाशी धाडणं आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

आता मी शिकवते.